एडिटरमधून शेलला कोड पाठवला की इंडेंटचा जिना का होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विम हा एडिटर लॅपटॉपवर, शेजारच्या टीमक्स पेनमध्ये (टीमक्स टर्मिनलचे तुकडे पाडतं, त्यातला एक तुकडा म्हणजे पेन) एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर जाऊन आयपायथन, म्हणजे पायथनचं जास्त सोयीचं शेल, उघडलेलं, आणि सिलेक्ट केलेला कोड तिकडे पाठवायला स्वतः लिहिलेलं एक छोटं मॅपिंग (कळांचा शॉर्टकट), जे आतून टीमक्सचं सेंड-कीज चालवतं. एकेक ओळ नीट जाते. फंक्शन पाठवलं की इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातो आणि शेवटी इंडेंटेशन एरर. साध्या पायथनमध्ये जिना होत नाही, पण फंक्शनच्या मधे रिकामी ओळ असली की तिथेच तुटतं. माऊसने पेस्ट केलं तर मात्र आयपायथन काही कुरकुर करत नाही. आणि शेवटी विचारलंय की विम सोडून व्हीएस कोडवर जाऊ का.

जायचं तर जा, चांगला एडिटर आहे, पण या कारणासाठी नको. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं होईल. तुमच्या एडिटरची यात काहीच चूक नाही.

मूळ गोष्ट एकच आहे. शेलला, म्हणजे टाइप केलेला कोड लगेच चालवणाऱ्या आयपायथनसारख्या प्रोग्रॅमला, वाटतं समोर माणूस बसलाय आणि बोटांनी टाइप करतोय. टीमक्स असो, टीमक्ससारखाच स्क्रीन नावाचा जुना प्रोग्रॅम असो, विमची स्वतःची टर्मिनल खिडकी असो की व्हीएस कोडचं खालचं टर्मिनल, हे सगळे शेवटी एका नकली टर्मिनलच्या एका टोकातून अक्षरं ओततात आणि दुसऱ्या टोकाला बसलेलं आयपायथन ती कीबोर्डवरून आल्यासारखी वाचतं. त्याला फाइल, सिलेक्शन, फंक्शन यातलं काहीही माहीत नसतं. आणि माणूस टाइप करतोय म्हटल्यावर ते माणसाला मदत करायला जातं, तीच मदत आपल्याला नडते.

जिना कसा होतो ते सावकाश बघा. फंक्शनची पहिली ओळ गेली, शेवटी कोलन, मग एंटर. आयपायथन म्हणतं कोलन दिलाय ना, मग पुढच्या ओळीच्या ४ स्पेस मीच टाकून ठेवतो, बिचाऱ्याला कशाला त्रास. तेवढ्यात तुमची दुसरी ओळ स्वतःच्या ४ स्पेस घेऊन येते. झाल्या ८. एंटर. आता आयपायथन ८ वर उभं, तिसरी ओळ परत आपल्या ४ घेऊन आली, १२. चौथी १६. दुसरी आणि तिसरी ओळ एकाच पातळीवर असायला हव्या होत्या, त्या एक ८ वर आणि एक १२ वर गेल्या, त्यामुळे पायथन बरोबरच ओरडतं. कोडमध्ये स्पेसऐवजी टॅब असतील तर अजून मजा, कारण टॅब म्हणजे शेलच्या लेखी कम्प्लिशन (अर्धवट शब्द पुरा करून दे) मागणं, मग तो मेन्यू उघडतो आणि पुढची अक्षरं त्या मेन्यूत जाऊन पडतात.

मग माऊसने पेस्ट केल्यावर का चालतं? कारण तेव्हा टर्मिनल शेलला सांगतं की बाबा रे हे टाइप केलेलं नाहीये, पेस्ट आहे. याला ब्रॅकेटेड पेस्ट म्हणतात. शेल सुरू होताना टर्मिनलला एक खूण पाठवून कळवतं की मला ही भाषा समजते. त्यानंतर पेस्टच्या आधी एस्केप, चौकोनी कंस, २००, टिल्डा एवढी अक्षरं जातात आणि नंतर तेच पण २०१. या दोन खुणांच्या मधे जे काही येईल ते आयपायथन जसंच्या तसं घेतं, स्वतःचे इंडेंट घालत नाही, एंटर दिसला म्हणून चालवायला घेत नाही, टॅब दिसला म्हणून मेन्यू उघडत नाही. कधी एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केल्यावर आजूबाजूला ००~ असला कचरा उमटलेला बघितला असेल, तो हाच, खुणा गेल्या पण समोरच्याला कळल्या नाहीत.

तुमचं सेंड-कीज हे नावाप्रमाणे कळा दाबतं. खुणा बिणा काही नाही. म्हणून जिना.

आणि सेंड-कीजचे अजून दोन खोडसाळपणे आहेत जे तुम्हाला अजून भेटले नसतील पण भेटतील. एक म्हणजे त्याला दिलेला शब्द एखाद्या कळीच्या नावाशी जुळला तर ते शब्द पाठवत नाही, कळ दाबतं. म्हणजे एखादा तुकडा नुसता एंटर किंवा स्पेस असा इंग्रजी शब्द असेल तर तिकडे शब्द उमटण्याऐवजी ती कळ दाबली जाते. एलवाला पर्याय लावला की हे थांबतं, पण लावायचं लक्षात राहत नाही. दुसरं जास्त त्रासदायक. तुकड्याच्या अगदी शेवटी अर्धविराम असेल तर टीमक्स तो स्वतःचा समजतं, दोन कमांड वेगळ्या करायचा, आणि गिळून टाकतं. पायथनवाल्यांना हे कधी कळतच नाही, पण पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल शेलमध्ये क्वेरी पाठवणारा माणूस डोकं आपटत बसतो, क्वेरी तर पूर्ण दिसतेय, उत्तर का येत नाही. प्रॉम्प्टकडे बघायचं. बरोबरच्या चिन्हाच्या जागी डॅश दिसत असेल तर पीएसक्यूएल अजून अर्धविरामाची वाट बघतंय. माझा एकदा या प्रकारात अख्खा तास गेलाय, इंडेक्स नाही म्हणून क्वेरी स्लो आहे असं समजून मी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) वगैरे करायला घेतलं होतं.

तर उपाय. कळा दाबू नका, टीमक्सचा पेस्ट बफर वापरा. विमने सिलेक्ट केलेला मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, टीमक्सच्या लोड-बफरने ती फाइल बफरमध्ये घ्यायची आणि पेस्ट-बफरने योग्य पेनमध्ये ओतायची, पी हा पर्याय लावून. तो पी म्हणजेच ब्रॅकेटेड पेस्ट, आणि टीमक्स इतकं शहाणं आहे की समोरच्या प्रोग्रॅमने मागितलेल्या असतील तरच खुणा घालतं, त्यामुळे ००~ चा कचरा होत नाही. सोबत डी लावा म्हणजे काम झाल्यावर बफर पुसला जातो, नाहीतर बफरची यादी भरत जाते. मजकूर कमांडच्या ओळीतून जातच नसल्यामुळे कोट, डॉलर, अर्धविराम यांची कटकट आपोआप संपते.

एक गोष्ट इथे हमखास विसरली जाते. शेवटचा एंटर खुणांच्या आत गेला तर शेल तो चालवणार नाही, कोड नुसता प्रॉम्प्टवर येऊन बसेल. म्हणून मजकुराच्या शेवटची नवी ओळ काढायची, पेस्ट करायची, आणि नंतर वेगळा एंटर पाठवायचा, यासाठी मात्र सेंड-कीज योग्य. फंक्शन किंवा लूप असेल तर कधीकधी दोन एंटर लागतात कारण आयपायथन एका एंटरवर अजून काही येतंय का याची वाट बघतं.

हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर जोनाथन पालार्डी यांचं विम-स्लाइम प्लगइन हेच करतं. त्यात टार्गेट म्हणून टीमक्स द्या (डीफॉल्ट अजूनही स्क्रीन आहे, त्यामुळे हे विसरलं की काहीच होत नाही आणि लोक प्लगइनला शिव्या देतात), ब्रॅकेटेड पेस्टवालं सेटिंग १ करा, आणि कंट्रोल-सी दोनदा दाबलं की कर्सर ज्या परिच्छेदात आहे तो परिच्छेद जातो, सिलेक्शन असेल तर सिलेक्शन. आयपायथनसाठी वेगळं एक सेटिंग पण आहे जे %सीपेस्ट नावाची जादुई कमांड वापरतं, म्हणजे आधी सीपेस्ट, मग कोड, मग दोन डॅशची एक ओळ. ब्रॅकेटेड पेस्ट नीट चालण्याआधीची ती सोय. २०१६ साली आयपायथन ५ आलं आणि त्यांनी ओळ एडिट करू देणारी रीडलाइन ही जुनी लायब्ररी सोडून प्रॉम्प्ट टूलकिट ही नवी घेतली, तेव्हापासून ब्रॅकेटेड पेस्ट पुरते. दोन्ही एकदम चालू करू नका.

आता साधं पायथन. तिथला प्रॉब्लेम वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त इंटरेस्टिंग. परस्परसंवादी पायथनमध्ये ब्लॉक संपला हे कळायची एकच खूण आहे, रिकामी ओळ. फाइलमध्ये असं नसतं, तिथे पुढची ओळ डावीकडे आली की ब्लॉक संपतो. म्हणजे फाइलमध्ये अगदी बरोबर असलेला कोड शेलमध्ये दोन उलट कारणांनी मोडू शकतो. फंक्शनच्या पोटात वाचायला बरं पडावं म्हणून तुम्ही एक ओळ मोकळी सोडली, शेल म्हणतं संपलं फंक्शन, आणि पुढची इंडेंट केलेली ओळ आली की अनएक्स्पेक्टेड इंडेंट. बरं म्हणून सगळ्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या, तर आता फंक्शननंतर लगेच त्याला हाक मारणारी ओळ डावीकडून सुरू होते, शेलला ब्लॉक संपल्याचं कोणी सांगितलेलंच नाही, सिंटॅक्स एरर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून पाठवण्याआधी मजकुरावर थोडा संस्कार करावा लागतो. ब्लॉकच्या आतल्या रिकाम्या ओळी काढायच्या, आणि इंडेंट शून्यावर येतो तिथे एक रिकामी ओळ घालायची. पण एल्स, एलिफ, एक्सेप्ट, फायनली यांच्या आधी घालायची नाही, नाहीतर इफ तिथेच संपतो आणि एल्स अनाथ होतो. विम-स्लाइम पायथनसाठी हे करतं, शिवाय क्लासच्या आतली मेथड एकटी पाठवली तर तिचा जादा इंडेंटही डावीकडे ओढून घेतं. स्वतः लिहायला गेलात तर तीन अवतरणचिन्हांमधल्या स्ट्रिंगमध्ये असलेल्या रिकाम्या ओळी पण उडवून बसाल, मी बसलोय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये शेल नवीन आहे, पायपाय या दुसऱ्या पायथन प्रकल्पातून घेतलेलं, त्यात अनेक ओळी एकत्र एडिट करता येतात आणि ब्रॅकेटेड पेस्टही कळते. त्याआधीच्या साध्या शेलला ती कळत नव्हतीच. सर्व्हरवर मात्र बहुतेक वेळा जुनं पायथन असतं आणि ते बदलणं आपल्या हातात नसतं, त्यामुळे वरची कसरत अजून काही वर्षं तरी माहीत असलेली बरी.

आता पेन निवडण्याबद्दल, आणि हे मी जरा आग्रहाने सांगतोय. बरेच जण टार्गेट म्हणून कंसातलं लास्ट देतात, म्हणजे मी आधी ज्या पेनमध्ये होतो तिकडे पाठव. सोयीचं वाटतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा. काही वर्षांपूर्वी एका नोकरीत असताना मी हेच केलं होतं, मधे एकदा तिसऱ्या पेनमध्ये जाऊन फाइलींची यादी बघितली, परत विममध्ये आलो आणि सवयीने कंट्रोल-सी दोनदा. अख्खा पायथनचा परिच्छेद साध्या बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, गेला. पहिली ओळ होती इंपोर्ट ओएस. आणि माझ्या लिनक्सवर इमेजमॅजिक हा चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम होता, त्याच्या स्क्रीनशॉट काढायच्या कमांडचं नावच इंपोर्ट. माऊसचा कर्सर एकदम अधिकच्या चिन्हासारखा झाला, मला वाटलं मशीन हँग झालं, मी वैतागून क्लिक केलं आणि ओएस नावाची चित्राची फाइल तयार. बाकीच्या ओळी तोवर रांगेत थांबलेल्या, क्लिक झाल्यावर त्या बॅशमध्ये धडाधड गेल्या. त्यातली एक होती, डेटाफ्रेम (पायथनमधलं डेटाचं टेबल) गाळायची, डीएफ = डीएफ[डीएफ.अमाउंट > ५००]. बॅशला डीएफ म्हणजे डिस्कमध्ये जागा किती ते सांगणारी कमांड, आणि मोठं-पेक्षाचं चिन्ह म्हणजे आउटपुट फाइलमध्ये टाक. तर ५००] या नावाची, शेवटी चौकोनी कंस असलेली, एक रिकामी फाइल घरच्या फोल्डरमध्ये. ती मी कितीतरी दिवस पुसली नव्हती.

हसून सोडून दिलं कारण पेनमध्ये बॅश होतं. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या, डेटाबेसला जोडलेलं पीएसक्यूएल असतं तर हसलो नसतो. तेव्हापासून मी पेनचा पक्का आयडी देतो, टक्क्याचं चिन्ह आणि आकडा असा असतो तो, आणि पेन इकडेतिकडे हलवलं तरी बदलत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सेशन, खिडकी, पेन असा पत्ता, तो वाचायला सोपा पण मधलं पेन बंद केलं की पुढचे आकडे सरकतात. कंट्रोल-बी आणि मग क्यू दाबलं की प्रत्येक पेनवर या पत्त्यातला मोठ्ठा आकडा दिसतो, पहिल्यांदा जोडताना तो बघूनच जोडा. आणि प्रॉडक्शनचं काही उघडायचं तर वेगळ्या टीमक्स सेशनमध्ये.

मधेच एक, कारण हा उद्योग करून बघितलाय असं ऐकायला मिळतं. लोक टर्मिनलची डिव्हाइस फाइल शोधतात, डेव्ह खालची पीटीएस वगैरे, आणि एको करून तिच्यात कोड लिहितात. स्क्रीनवर कोड दिसतो, चालत मात्र नाही. कारण तिकडे लिहिलं की ते टर्मिनलच्या दाखवायच्या बाजूला जातं, वाचायच्या नाही. तुम्ही शेलच्या कानात बोलत नाही आहात, त्याच्या फळ्यावर लिहिताय. खरोखर कळा घुसडायचा एक जुना सिस्टिम कॉल होता, पण त्यातून सुरक्षेचे घोळ झाले, ओपनबीएसडीने तो २०१७ मध्ये काढूनच टाकला आणि लिनक्समध्ये ६.२ पासून बंद करता येतो. त्या वाटेला जाऊ नका. नेम्ड पाइप चालतो पण तिथे पायथनला समोर टर्मिनल आहे असं वाटत नाही म्हणून प्रॉम्प्ट गायब, आणि लिहिणाऱ्याने पाइप बंद केला की शेल समजतं इनपुट संपलं आणि निघून जातं.

बाकीच्या भाषांचं भरभर सांगतो. आर भाषेत सगळ्यात सुख आहे कारण ती विधान पूर्ण होईपर्यंत शांतपणे थांबते, रिकाम्या ओळींचं तिला काही नाही, फक्त सगळ्यात बाहेरच्या पातळीवर इफचा महिरपी कंस संपून एल्स नव्या ओळीवर असेल तर ती एल्सवर भडकते, तिच्या मते इफ आधीच संपलेला असतो. हॅस्केलच्या जीएचसीआयमध्ये ब्लॉकच्या आधी कोलन आणि उघडता महिरपी कंस, नंतर कोलन आणि बंद कंस, आपापल्या ओळीवर. ओकॅमलला शेवटी दोन अर्धविराम. नोडमध्ये डॉट एडिटर म्हणून मोड आहे, कंट्रोल-डीने संपतो. ज्युलिया तर इतकी गुणी की पेस्ट केलेल्या मजकुरात तिचाच जुना प्रॉम्प्ट आला तर तो ती काढून टाकते. पीएसक्यूएलमध्ये क्वेरीत टॅब असतील आणि ते कम्प्लिशन उघडत असतील तर एन पर्याय देऊन रीडलाइनच बंद करून सुरू करा.

हा सगळा प्रकार मुळात लिस्पमधून आलाय आणि तिथे तो इतका सुखाचा आहे याचं कारण एकच, कंस. लिस्पमधलं प्रत्येक वाक्य स्वतःचं तोंड आणि शेपूट घेऊन येतं, कुठे संपलं हे रिकाम्या ओळीवरून ओळखावं लागत नाही. इमॅक्स या एडिटरमधलं स्लाइम, ज्यावरून विम-स्लाइमने नाव घेतलंय, ते २००३ च्या सुमाराचं, आणि ते कळा दाबतच नाही. लिस्पच्या आत स्वँक नावाचा एक छोटा सर्व्हर चालतो, डीफॉल्ट पोर्ट ४००५, एडिटर त्याच्याशी निरोपानिरोपी करतो, हे फंक्शन, या फाइलमधलं, या जागेवरचं. त्यामुळे एरर आली की थेट त्या ओळीवर उडी मारता येते. क्लोजर भाषेचं एनरेपल त्याच वळणाचं, ज्युपिटर नोटबुकचा कर्नलही (मागे कोड चालवणारा भाग) तसाच, तिकडे कोड मजकूर म्हणून निरोपात जातो, इंडेंट बिघडायचा प्रश्नच येत नाही.

मग कळा दाबायचा हा गावठी मार्ग कशाला? तुमच्याकडे बघूनच सांगतो. तुमचा विम लॅपटॉपवर आहे, पायथन सर्व्हरवर, मधे एसएसएच. कोड तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवून आयपायथनला %रन -आयने ती चालवायला सांगावी, हा मार्ग एरवी मला फार आवडतो, इंडेंटची भानगड नाही, ओळींचे आकडे बरोबर. पण ती फाइल लॅपटॉपवर आहे, सर्व्हरला ती दिसणारच नाही. ज्युपिटरचा कर्नल सर्व्हरवर चालवून लॅपटॉपवरून जोडायचा तर त्याचे पाच पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातून आणावे लागतात, जमतं, पण सर्व्हर तुमचा नसेल तर अॅडमिनला पटवण्यात दोन दिवस जातील. आणि स्वँक किंवा एनरेपलचं पोर्ट कंटाळून बाहेरच्या जगाला उघडं ठेवणं म्हणजे घराची किल्ली दारालाच लटकवणं, ज्याला पोर्ट सापडेल तो हवा तो कोड चालवेल. अक्षरं मात्र कुठूनही जातात. एसएसएच असो, डॉकरच्या आतलं शेल असो, एसएसएचमधून डॉकरमध्ये जाऊन तिथलं शेल असो, पलीकडे काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. म्हणून मी अजून याच मार्गावर आहे, आणि ज्या दिवशी कोड आणि शेल एकाच मशीनवर असतात त्या दिवशी %रन वापरतो.

कळांच्या मार्गाची एक मर्यादा लक्षात असू द्या. समोरचा प्रोग्रॅम ओळ स्वतः एडिट करू देणारा नसेल, म्हणजे रीडलाइनसारखं काही नसेल, तर ओळ ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नलच जमवतो आणि त्याला लांबीची हद्द आहे, लिनक्सवर ४०९६ बाइट, मॅकवर १०२४. त्यापुढचं कापलं जातं. आयपायथनला हे लागू नाही. एखादी लांबलचक जेसन ओळ कच्च्या प्रोग्रॅमला पाठवून अर्धीच पोचली तर आधी हे तपासा.

देवनागरी मजकुराबद्दल पण सांगून टाकतो कारण माझ्या कामात गावांची आणि तालुक्यांची नावं असतात. कोडमधल्या स्ट्रिंग टीमक्समधून गेल्यावर स्क्रीनवर नुसते अंडरस्कोर दिसले तर घाबरू नका, टीमक्सला वाटतंय की तुमचं टर्मिनल यूटीएफ-८ नाही. यू पर्याय लावून जोडा, आणि लँग हे व्हेरिएबल दोन्हीकडे तपासा, कितीतरी सर्व्हरवर ते नुसतं सी असतं. जोडाक्षरं आणि वेलांट्यांमुळे कर्सर एक-दोन घरं पुढेमागे दिसतो, ते दिसण्यापुरतंच, पाठवलेला डेटा बरोबर असतो, लांबी मोजून बघा हवं तर. माऊसने कॉपी करताना मात्र शेवटची मात्रा हमखास सुटते, हे अजून एक कारण माऊस न वापरण्याचं.

किती पाठवावं याबद्दल माझी सवय सांगतो. एका वेळी एक परिच्छेद किंवा एक सेल, म्हणजे हॅश आणि दोन टक्के चिन्हांची ओळ टाकून केलेले भाग, ते स्पायडर, व्हीएस कोड सगळ्यांना कळतात आणि विम-स्लाइमलाही सेलची खूण म्हणून देता येतात. एकदम दोनशे ओळी पाठवल्या तर एरर तिसाव्या ओळीत आली तरी साध्या शेलमध्ये पुढच्या एकशे सत्तर ओळी तशाच चालत राहतात, अर्धवट व्हेरिएबलांवर, आणि खरी एरर वर कुठेतरी स्क्रोल होऊन गेलेली असते. आणि शेल विसरत नाही, हे आपण विसरतो. एडिटरमध्ये फंक्शनचं नाव बदललं, जुनं नाव शेलमध्ये जिवंतच आहे, फाइलमध्ये तीन ठिकाणी जुनं नाव राहिलेलं तरी सगळं मजेत चालतं. संध्याकाळी पुश केलं आणि सकाळी सहकाऱ्याचा मेसेज, दादा हे तर चालतच नाहीये. मी आता दुपारच्या चहाला उठायच्या आधी शेल मारतो आणि फाइल वरपासून खालपर्यंत एकदा चालवायला लावून मग उठतो. चहा होईपर्यंत कळतं.

व्हीएस कोडला न्याय म्हणून, त्यात पायथन एक्स्टेन्शनमध्ये शिफ्ट-एंटर दाबलं की ओळ किंवा सिलेक्शन खालच्या टर्मिनलमध्ये जातं, आरस्टुडिओमध्ये कंट्रोल-एंटर. रिमोट एसएसएचमुळे कोड आणि शेल दोन्ही सर्व्हरवर राहतात ही त्याची खरी जमेची बाजू, पण त्यासाठी सर्व्हरवर त्याचा स्वतःचा एक सर्व्हर बसवावा लागतो, परवानगी असेल तर उत्तम. खाली टर्मिनलच असतं, त्यामुळे वरच्या बऱ्याच गोष्टी तिथेही भेटतीलच. इमॅक्सवाल्यांनी इतकं वाचलं असेल तर ते आता हसत असतील, त्यांना हसू द्या.

तर आज एवढं करा. तुमचं मॅपिंग बाजूला ठेवा, विम-स्लाइम टाका, टार्गेट टीमक्स, ब्रॅकेटेड पेस्ट १, पेनचा पक्का आयडी. मग एक छोटं फंक्शन लिहा ज्याच्या पोटात एक रिकामी ओळ आहे, आत एक इफ आणि एल्स आहे, आणि फंक्शन संपल्यावर लगेच पुढच्या ओळीवर, मधे जागा न सोडता, त्याला हाक मारलेली आहे. ते आयपायथनला पाठवा, मग त्याच सर्व्हरवरच्या साध्या पायथनला पाठवा. साध्याला पाठवताना ब्रॅकेटेड पेस्टचा उपयोग होत नाही, तिथे काम ओळी साफ करणारा भाग करतो, आणि तो फाइलचा प्रकार पायथन असेल तरच चालतो. विममध्ये नवीन, सेव्ह न केलेल्या बफरमधून पाठवलंत तर प्रकार लागलेला नसतो आणि परत तीच एरर येईल, तेव्हा आधी .पीवाय नावाने सेव्ह करा.